आरसा कोणी धरला होता

काचवाला शिडीवरून पडला आणि त्याच्या बायकोचं लग्न मोडलं.

म्हणजे कागदावर ते शाबूत होतं. पण इस्पितळातल्या खाटेवर शुद्धीवर आल्यावर त्यानं उशाशी बसलेल्या बायकोकडे परक्या बाईकडे पाहावं तसं अदबीनं पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्हाला तसदी देतो, पण जरा माझ्या बायकोला आत बोलावता का? बाहेर बसली असेल. फार घाबरट आहे ती."

ती उठली, दाराबाहेर गेली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. थोड्या वेळानं नर्सनं विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

ती पडदे शिवायची, म्हणून सगळी गल्ली तिला पडदेवालीच म्हणायची. काचवाल्याची आणि तिची गाठ पडली होती तीही कामावरच. एका नव्या शाळेच्या इमारतीत तो खिडक्यांना काचा बसवत पुढे चालला होता आणि ती मागून पडदे टांगत येत होती. टेबलावर उभी राहून दांडी अडकवताना तिच्या हातून दांडी निसटली आणि खाली बसून चौकटीच्या फटीत लांबीचा लगदा भरणाऱ्या काचवाल्याच्या टाळक्यात बसली. त्यानं वरही न बघता विचारलं, "इमारत आत्तापासूनच पडायला लागली का?" पडदेवालीला असं हसू फुटलं की टेबलावरून उतरायला त्यालाच हात द्यावा लागला. तो हात मग तिनं सोडला नाही.

तेव्हा तो विधुर होता. पहिली बायको साध्या तापाचं निमित्त होऊन गेली होती आणि मागे एक लहान मुलगी होती. मुलगी पडदेवालीला मावशी म्हणायला लागली, पुढेही मावशीच म्हणत राहिली, आणि दोघींचं त्यात काही बिघडलं नाही. मुलगी मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. घरात दोघंच उरली, आणि भिंतीवर थोरलीचा फोटो. गल्लीतले लोक पहिल्या बायकोला थोरली म्हणत. म्हणजे ही आपोआप धाकटी झाली. ज्या बाईला कधी पाहिलं नाही तिच्यापेक्षा धाकटी.

थोरलीबद्दल बोलायची काचवाल्याला हौस. रात्रीच्या जेवणाला बसला की एखादा किस्सा निघायचाच. त्यातला आरशाचा किस्सा तर पडदेवालीला पाठ झाला होता. कुठल्याशा केशकर्तनालयात पुरुषभर उंचीचा आरसा पोचवायचा होता. गाडी आली नाही, म्हणून दोघांनी तो उचलला आणि भर बाजारातून चालत निघाले. थोरली पुढे, हा मागे. रस्त्यातला जो तो आरशात डोकावून भांग नीट करायचा. एक गृहस्थ तर मिशी बघत बघत मागे मागे चालत राहिले आणि खांबावर आदळले. थोरली इतकी हसली की आरसा रस्त्यात टेकवून तिला खाली बसावं लागलं.

पडदेवाली ऐकताना हसायची. मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आवाज करत घासायची. गेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा, असं ती स्वतःला बजावायची. जिवंत सवत असती तर भांडता आलं असतं, चार दोष काढता आले असते. ही म्हातारी होत नव्हती, चिडत नव्हती, हिची भाजी कधी खारट होत नव्हती. रोज सकाळी पडदेवाली त्या फोटोवरची धूळ पुसायची. पुसताना हात जरा जोरात चालायचा, एवढंच.

तर त्या दिवशी इस्पितळात असं झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. त्यांनी पडदेवालीला खुर्ची दिली.

"आठवण म्हणजे ट्रंकेत घडी करून ठेवलेला कपडा नव्हे," त्या म्हणाल्या. "मेंदू ती दर वेळी नव्यानं जुळवतो. जे पुन्हा पुन्हा आठवलं, सांगितलं, ते पक्कं होत जातं. जुनं मुरलेलं असतं. डोक्याला मार बसला की आधी अलीकडचं जातं."

"अलीकडचं?" पडदेवाली म्हणाली. "अहो, ती पोर चिमुकली होती तेव्हा मी त्या घरात आले. आता ती लग्नाला आलीय. हे अलीकडचं?"

"मेंदूचा हिशेब आपल्यासारखा नसतो. काही परत येईल, काही येणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. मधे जे रिकामं राहिलंय ते तो हाताला लागेल त्यानं भरून काढेल. यजमानांना खोटं बोलताय म्हणू नका. त्यांना स्वतःला ते खरंच वाटत असेल."

पडदेवालीनं मान हलवली. तिला एकच गोष्ट समजली होती. थोरली मुरली होती, आणि आपण उडून गेलो होतो.

घरी आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. काचवाला घर ओळखायचा, हत्यारांची पेटी ओळखायचा, हिरा लावलेल्या कटरनं काच कापायला बसवलं तर हात पूर्वीसारखाच सरळ चालायचा. पण दिवेलागणीला तो बेचैन व्हायचा. "बाई, तुम्ही आमच्यासाठी एवढं करता, देव तुमचं भलं करो. पण ही कुठे राहिली?"

पहिल्यांदा तिनं खरं सांगितलं. तो ढसाढसा रडला. जणू त्याच क्षणी कुणी निरोप घेऊन आलं होतं. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, तर तो हळूच बाजूला झाला. परक्या बाईच्या मांडीवर कसं रडायचं? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारू लागला, आणि तिनं पुन्हा सांगितलं, आणि तो पुन्हा तितकाच रडला. सवतीच्या मरणाची बातमी रोज आपल्याच तोंडानं द्यायची आणि नवऱ्याला तिच्यासाठी रोज पहिल्यांदा रडताना बघायचं, असलं कर्म कुणाच्या वाट्याला आलं असेल? आपण गेलो तर हा असा रडेल का, हा विचार तिची पाठ सोडत नसे. एके दिवशी तर तो विचारायच्या आतच तिनं सांगून टाकलं. "गेली ती. कधीच गेली." बोलताना आपल्याला ते शब्द गोड लागले हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची किळस आली. त्या दिवसापासून ती "येईल हं" एवढंच म्हणायला लागली.

मग तो थोरलीच्या गोष्टी सांगू लागला. या पाहुण्या बाईला त्या माहीत नसणार, म्हणून पहिल्यापासून, रंगवून. पडदेवाली गुडघ्यावर कापड घेऊन दुमडपट्टी घालत बसायची आणि ऐकायची. एका दुपारी तो म्हणाला, "आमची गाठ कशी पडली माहितीये? शाळेची इमारत होती. मी खाली लांबी भरत होतो. ही टेबलावर चढलेली. धाडकन दांडी माझ्या डोक्यात! मी म्हटलं, इमारत आत्तापासूनच..."

पडदेवालीच्या बोटात सुई घुसली.

"अहो, ती मी होते!"

तो थबकला. मग समजूत घालावी तसा हसला. "नाही हो बाई. तुम्ही कशा असाल? ती माझी बायको होती."

"थोरलीला पडद्याचं काय कळत होतं? ती कधी त्या शाळेत आली होती? दांडी माझ्या हातून पडली! हात मला दिलात तुम्ही!"

"तुम्ही रागावू नका," तो घाबरून म्हणाला. "माझी बायको आली की तिलाच विचारू."

त्या संध्याकाळी पडदेवाली कामाला बसली नाही. फोटोतली थोरली नेहमीसारखी जरा तिरकी मान करून बघत होती. एवढं सगळं तिचं होतंच. पहिलं लग्न तिचं, मुलगी तिची, आसवं तिची. आता माझी एकुलती एक दांडीसुद्धा हिनं नेली! पडदेवालीच्या अंगाची लाही लाही झाली. तुला माझं घ्यायला चालतं, तर मला तुझं घ्यायला का चालू नये?

दुसऱ्या दिवशी त्यानं आरशाची गोष्ट काढली. ती तयारच बसली होती.

"आणि ते मिशीवाले गृहस्थ खांबावर आदळले," ती म्हणाली. "मला इतकं हसू आलं की मी मटकन खालीच बसले."

काचवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, गेल्या. "हो," तो सावकाश म्हणाला. "बसलीस खरी. मी म्हटलं, अगं, आरसा फुटेल."

बसलीस. अगं.

पडदेवालीनं डोळ्यांतलं पाणी त्याला दिसू नये म्हणून कापडात तोंड घातलं. इतक्या दिवसांनी तिच्या वाट्याला एकेरी हाक आली होती. चोरीची का होईना, हाक होती.

मग ती रोज आरसा उचलू लागली. आपल्या गळ्यात तेव्हा निळा रुमाल होता असं तिनं सांगितलं, दोन दिवसांनी तो स्वतःच निळ्या रुमालाचं बोलू लागला. हात कसे कापत होते, केशकर्तनालयवाल्यानं पाणी कसं दिलं, सगळं ती भरत गेली. काचवाला सुधारत होता. रडणं थांबलं होतं, ही कुठे राहिली हा प्रश्न थांबला होता. तो तिला नावानं हाक मारू लागला, तिच्या हातचा चहा मागू लागला, कडक नाही म्हणून कुरकुर करू लागला. शेजारीण म्हणाली, "चमत्कारच म्हणायचा. तुझ्या सेवेला फळ आलं गं." पडदेवाली नुसती हसली.

आपण एक आरसा घेतला, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकीचं काम काचवाल्याच्या मेंदूनं आपलं आपणच केलं. आरसा धरून पुढे ही होती, तर मग त्याआधी भाड्याच्या खोलीतही हीच असणार. गळक्या छपराखाली भांडी मांडणारी हीच. हे तिच्या ध्यानात आलं ते एका सकाळी, ती फोटो पुसत असताना तो मागे येऊन उभा राहिला तेव्हा.

"ही कोण गं?" त्यानं विचारलं. "तुझी बहीण का?"

पहिल्यांदा तिला काय वाटलं असेल? आनंद. खराखुरा, छाती भरून आलेला आनंद. थोरली हरली होती. मग फोटोतल्या त्या तिरक्या मानेकडे तिला बघवेना. तिनं फडकं ठेवलं, फोटोच्या चौकटीला हात टेकला आणि म्हणाली, "हो. बहीणच."

त्याच आठवड्यात लेक रजा काढून आली.

बाबांनी नावानं हाक मारली म्हणून ती आधी हरखली. तिघं चहा घेत बसली. काचवाला रंगात होता. "तुझ्या मावशीनं एकदा आरसा धरला होता, माहितीये? निळा रुमाल गळ्यात. भर बाजारातून..." लेकीनं कप खाली ठेवला. तो सांगतच होता. "आणि तू झालीस ना, तेव्हा दवाखान्यातली खिडकी फुटली होती. मी म्हटलं, बाळाला वारा लागेल. तिथल्या तिथे काच बसवली. ही पलंगावरून बघत होती, तू कुशीत." आणि त्यानं कौतुकानं पडदेवालीकडे बोट केलं.

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. पडदेवाली मागोमाग गेली.

"तो आरसा आईचा आहे," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यानंच जास्त भीती वाटत होती. "आणि निळा रुमाल कुठून आला? बाबांना डोक्याला मार लागलाय. तुला तर नाही ना लागला, मावशी?"

"जन्माचं मी नाही सांगितलं. शपथ घेते. ते त्यांचं त्यांनीच..."

"आरसा सांगितलास ना?"

पडदेवाली ओट्याला टेकून उभी राहिली. मग जे आलं ते एकदम आलं. "मला बाई म्हणत होता तो. तुम्ही, बाई, तसदी देतो. आपल्याच घरात मी पाहुणी. रोज तिच्यासाठी रडायचा. माझी दांडीसुद्धा तिच्या नावावर केली. मग मी एक आरसा घेतला तर... हो, घेतला. जळत होते मी. तू लहान होतीस तेव्हापासून जळतेय. त्या फोटोवर, त्या किस्स्यांवर."

"तू जळत होतीस?" लेक म्हणाली. आता मात्र तिचा आवाज फुटला. "आणि मी? मला आईचा आवाज आठवत नाही. तिचा चेहरा आठवतो म्हणते मी, पण तो फोटोतलाच असतो, तीच तिरकी मान. माणूस एवढा लहान असताना काही टिकतच नाही म्हणे. माझ्याकडे तिचं जे काही आहे ते बाबांनी सांगितलेलं. तेही मी धड ऐकलं नाही, कंटाळा करायचे, खेळायला पळायचे. तू रोज रात्री बसून सगळं ऐकायचीस. मला तुझा हेवा वाटतो, मावशी. आणि आता त्यांच्या डोक्यातून तू तिला पुसून टाकलंस."

बाहेर काचवाला आवाज देत होता, चहा गार होतोय म्हणून.

पडदेवालीनं डोळे पुसले. "बस," ती म्हणाली. "सगळं माझ्याकडे आहे."

"काय?"

"तुझी आई. शब्दन् शब्द. लोक प्रेमानं ऐकलेलं विसरतात, गं. मी हेव्यानं ऐकलं. एक वाक्य विसरले नाही. आरसा नेताना तिनं निळा रुमाल नव्हता घातला, तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिनं तो सुतळीनं बांधला होता. ती हसली की तिला उचकी लागायची. तू झालीस तेव्हा तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं माहितीये?"

लेक खाली बसली. भिंतीला पाठ लावून, जमिनीवरच.

"म्हणाली, 'काच नीट बसवा, ही मुलगी खिडकीशीच उभी राहणार दिवसभर.'"

त्या दिवशी स्वयंपाक झालाच नाही. पडदेवाली सांगत होती आणि लेक ऐकत होती. एका बाईनं आयुष्यभर जिचा दुस्वास केला, तिचं चालणं, तिची भीती, तिचा पालीचा तिटकारा, तिनं भांडणात फेकलेलं झाकण, सगळं त्या बाईच्या तोंडून बाहेर येत होतं. मधूनच पडदेवालीचा आवाज कडवट व्हायचा. "आणि इतकं करून हा म्हणायचा, तिच्यासारखी घडी कुणाला घालता येत नाही!" लेक रडता रडता हसायची. हसताना तिला उचकी लागली. पडदेवाली तिच्याकडे बघत राहिली, आणि मग उठून तिनं तिला पाणी दिलं.

रजा संपून लेक परत गेली. जाताना तिनं मावशीला मिठी मारली नाही, पण आठवड्याला फोन करून "आज आईचं काय सांगतेस?" असं विचारायला लागली. कधी पडदेवाली सांगायची, कधी "आज मूड नाही, मेलीनं डोकं उठवलंय" म्हणायची, आणि ते मेली म्हणणंसुद्धा लेकीला चालायचं.

काचवाल्याला आरसा परत करायचा प्रयत्न तिनं केला. फोटो उतरवून त्याच्या हातात दिला, ही कोण ते सांगितलं, चपलेच्या सुतळीसकट सांगितलं. पण पडदेवालीला शिवणातून ठाऊक होतं, एकदा शिवलेलं उसवलं तरी भोकं राहतात. तसंच झालं. काही दिवस आरसा थोरलीचा असायचा, काही दिवस पडदेवालीचा. एकदा तर त्यानं दोघींना पुढे धरायला लावलं आणि स्वतः मागे चालला. तिनं दुरुस्त केलं नाही. काही संध्याकाळी तो पुन्हा रडायचा, पण आता ती शेजारी बसून म्हणायची, "बरी होती हो ती. थोडी घाबरट होती, एवढंच." असं म्हणताना जुना हेवा डोकं वर काढायचाच. तो पुरता कधी गेला नाही.

हिवाळा संपत आला तेव्हा त्याला पडताना दुखावलेल्या खांद्याच्या व्यायामासाठी इस्पितळात न्यावं लागे. व्यायाम घ्यायला एक गोरी, उंच बाई होती. एका सकाळी चहा पिता पिता काचवाला म्हणाला, "काल त्या बाईनं मला दोरी ओढायला लावली. फार छान हसते ती."

पडदेवालीच्या हातातला चमचा थांबला. अपघातानंतर घडलेली, कुणी न पढवलेली गोष्ट रात्रभर त्याच्या डोक्यात टिकली होती, ती ही पहिलीच. डॉक्टरीणबाईंना कळलं तर त्या टाळ्या वाजवतील. पडदेवालीलाही आनंद व्हायला हवा होता.

"छान हसते?" ती म्हणाली.

"हो. दात कसे सारखे आहेत."

"दातही बघितले?"

पुढच्या वेळी ती त्याला सोडून बाहेर बाकावर बसली नाही. नवा, फिकट पिवळा ब्लाउज घालून ती थेट व्यायामाच्या खोलीत शिरली, भिंतीशी खुर्ची ओढली आणि मांडीवर शिवण घेऊन बसली. उंच बाईनं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"बायको," पडदेवाली म्हणाली, अगदी दात न दाखवता. "चालू द्या तुमचं. दोरी जरा जोरात ओढायला लावा."